पंच्याहत्तरचा रेडिओ आणि जोहोरचं निळं मैदान

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार. ठाणे

रेवाची किट बॅग गेला दीड महिना गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे उभी आहे. ऑगस्टअखेर क्लबच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला शॉर्ट कॉर्नरवर, म्हणजे गोलजवळच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या फटक्यावर, गोल बसला, संघ हरला, आणि त्या दिवसापासून तिने त्या बॅगेची चेन उघडलेली नाही. वय वर्षं पंधरा, जागा गोलीची, म्हणजे गोलकीपरची. तिच्या शाळेने मैदानाचा अर्धा तुकडा बसगाड्या उभ्या करायला दिला आणि हॉकी बंद केलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन पहाटे आम्ही दोघी क्लबच्या सरावाला ठाण्याहून दादर, दादरहून चर्चगेट अशा जात होतो. गोलीचे पॅड असलेली बॅग लेडीज डब्यात चढवणं काय असतं ते मला पाठ आहे. म्हणूनच ती गॅलरीतली बॅग मला रोज दिसते.

मलेशियाला जायचं हे मूळ अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय बहात्तर, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. तरुणपणी ते कारखान्याच्या संघात राइट इन, म्हणजे उजवीकडून चढाई करणाऱ्या जागेवर, खेळायचे. १९७५ मध्ये भारताने हॉकीचा वर्ल्ड कप जिंकला तो क्वालालंपूरला. तो आजपर्यंतचा आपला एकमेव. त्याला यंदा पन्नास वर्षं झाली. "एकदा ते गाव बघायचंय," असं ते माझ्या लग्नापासून म्हणत आलेत. यंदा त्यांनी एक मुदत ठेव मोडली आणि तीन तिकिटं काढायला सांगितली. त्यांच्यासाठी, माझ्यासाठी आणि रेवासाठी. नवऱ्याला दिवाळीआधी रजा मिळणं अशक्य होतं.

तारखा ठरवल्या त्या सुलतान ऑफ जोहोर कपवरून. २०११ पासून जोहोर बाहरू या शहरात दर वर्षी एकवीस वर्षांखालच्या मुलांची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं तेवढी चुकली. सहा संघ, प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो आणि पहिले दोन अंतिम सामन्यात जातात. भारताने २०१३, २०१४ आणि २०२२ ला ती जिंकली. यंदा आपल्या मुलांनी आधीच ग्रेट ब्रिटनला ३-२ आणि आज न्यूझीलंडला ४-२ असं हरवलंय. विमानतळाच्या वाटेवर ऐरोलीच्या सिग्नलला अण्णांनी ते दोन्ही स्कोअर ड्रायव्हरला सांगितले.

रेवा यायला तयार झाली ती एकाच कारणाने. संघाचा प्रशिक्षक श्रीजेश आहे. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिम्पिकची ब्राँझ पदकं मिळवून निवृत्त झालेला गोली.

१३ ऑक्टोबर, सोमवार. क्वालालंपूर

व्हिसाची कटकट नव्हती. भारतीयांना सध्या तीस दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. येण्याआधी तीन दिवसांत मोबाइलवर एक फॉर्म भरायचा, बस. विमानात झोप झाली नव्हती, तरी हॉटेलात सामान टाकून अण्णा लगेच दारात उभे. "मैदान कुठंय?"

स्टेडियम मर्डेका. मर्डेका म्हणजे स्वातंत्र्य. १९५७ च्या ३१ ऑगस्टला मलायाच्या स्वातंत्र्याची घोषणा इथेच झाली. आज त्याच्या डोक्यावर मर्डेका ११८ नावाचा मनोरा उभा आहे, ६७८.९ मीटर, जगातला दुसऱ्या क्रमांकाचा उंच. त्याच्या शेजारी स्टेडियम अगदी बसकं, जुन्या घरासारखं वाटतं. आत जायला मिळालं नाही. अण्णा बाहेरूनच भिंतीच्या कडेने चालत राहिले, उन्हात, रुमाल डोक्यावर टाकून.

मग सावलीला एका पायरीवर बसून त्यांनी रेवाला तो दिवस सांगितला. १५ मार्च, शनिवार. कारखान्याच्या गेटासमोरचं चहाचं दुकान, त्यात एक मर्फी रेडिओ, आणि जसदेव सिंगांची हिंदी कॉमेंट्री. पाकिस्तानने आधी गोल केला. मग सुरजीत सिंगने बरोबरी साधली. मग अशोककुमारचा गोल. ध्यानचंदांचा मुलगा तो. चेंडू गोलपोस्टच्या कोपऱ्याला लागून बाहेर आला, पाकिस्तानी म्हणाले गोल नाही, पंच म्हणाले गोल. "आम्हाला काय दिसणार? आम्ही रेडिओकडे बघत होतो," अण्णा म्हणाले. "पन्नास वर्षं मी तो कोपरा मनात बघतोय."

रेवाने विचारलं, "पाकिस्तानच्या गोलीचं काय झालं?"

अण्णांना सांगता आलं नाही. त्याचं नावही त्यांना आठवेना. ते बराच वेळ गप्प होते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. जोहोर बाहरू

सकाळची बस क्वालालंपूरच्या टीबीएस या बसस्थानकावरून. आपल्या एसटी स्टँडचं विमानतळाशी लग्न लावलं तर जे होईल ते हे बसस्थानक. साडेतीनशेच्या आत-बाहेर किलोमीटर, चार-साडेचार तास, आणि दोन्ही बाजूंना सतत तेल-माडांच्या रांगा. अण्णांना वाटलं कोकण लागलं, पण माड ठेंगणे आणि एकसारखे, मध्ये घर नाही, आंगण नाही. लार्किनच्या बसस्थानकावर उतरलो, ग्रॅब अ‍ॅपवरून टॅक्सी केली, हॉटेल गाठलं, आणि वरण-भातासारखं काहीतरी मिळेल म्हणून तमिळ माणसाच्या खाणावळीत शिरलो. केळीच्या पानावर भात, सांबार, तीन भाज्या, पापड. अण्णा सुखावले. पुढचे चार दिवस ते दुसरीकडे कुठे जेवलेच नाहीत.

संध्याकाळी तमन दाया. वस्तीच्या मधोमध असलेलं हॉकी स्टेडियम. आत शिरल्यावर सगळ्यात आधी दिसतो तो रंग. टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, निळी. सामन्याआधी चारही बाजूंनी फवारे सुरू होतात आणि मैदान भिजवतात, चेंडू सरळ आणि वेगात पळावा म्हणून. अण्णांनी आयुष्यभर मुरमाच्या मैदानावर खेळलेलं. तिथे चेंडू उसळायचा, म्हणून तो सतत काठीला चिकटवून न्यायचा, मनगटं फिरवत. ते म्हणाले, "१९७६ ला माँट्रियलला ही कृत्रिम गवताची मैदानं आली, आणि वर्षापूर्वीचे जगज्जेते आपण सातवे आलो." आवाजात अजून राग होता. पण पाण्याचे फवारे ते एकटक बघत होते.

भारत विरुद्ध पाकिस्तान. सप्टेंबरात क्रिकेटमध्ये हस्तांदोलन न करण्यावरून जे झालं होतं, त्यामुळे सुरुवातीला काय होतंय याकडे सगळ्यांचं लक्ष. मुलांनी रांगेत येऊन एकमेकांच्या तळहातावर टाळ्या दिल्या आणि खेळाला लागली. मला बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

पाचव्या मिनिटाला पाकिस्तानचा गोल, हन्नान शाहिद. एकोणचाळिसाव्याला सुफयान खानचा दुसरा. ०-२. अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आणि मग चौदा मिनिटांत सगळं उलटं झालं. त्रेचाळिसाव्याला अरायजीत सिंग हुंदल, सत्तेचाळिसाव्याला सौरभ आनंद कुशवाहा, त्रेपन्नाव्याला मनमीत सिंग. ३-२! मागच्या ओळीत सिंगापूरहून पूल ओलांडून आलेलं एक कुटुंब होतं. ते मूळचे डोंबिवलीचे निघाले, आणि त्या काकूंनी मला चक्क मिठी मारली. दोनच मिनिटांनी शॉर्ट कॉर्नरवर सुफयानने पुन्हा गोल केला. ३-३, आणि तोच शेवट.

हॉटेलात रेवा काही बोलली नाही. दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला. "आई, तुझं लक्ष होतं? आपला गोली सगळा वेळ ओरडत होता. चेंडू पलीकडच्या टोकाला असतानासुद्धा."

माझं लक्ष नव्हतं. मी चेंडूमागे होते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज ऑस्ट्रेलियाकडून २-४. रोसन कुजूर आणि अर्शदीप सिंगने आपले गोल केले, पण ऑस्ट्रेलियाची मुलं धावण्यात भारी पडली. यावर फार लिहावंसं वाटत नाही.

लिहायचंय ते दुसरंच. आज मी ठरवून रेवाच्या शेजारी, गोलच्या बाजूला बसले आणि पूर्ण एक क्वार्टर चेंडूकडे पाहिलंच नाही. फक्त गोलीकडे. पंधरा मिनिटं. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूबरोबर जातो. चेंडू ऑस्ट्रेलियाच्या गोलसमोरच्या पट्ट्यात असतानाही आपला गोली वर्तुळाच्या कडेवर येऊन उभा, हाताने डावीकडच्या बॅकला आत ओढतोय, मिडफिल्डला मागे बोलावतोय. शब्द ऐकू आले तरी समजत नव्हते. पंजाबी असावी, थोडी हिंदी. चेंडू आपल्याकडे वळला की तो दोन पावलं मागे, आणि आवाज बदलतो, तुटक होतो.

रेवाने मला शॉर्ट कॉर्नर समजावून दिला. इतकी वर्षं पहाटे उठून मी तिला नेतेय, पण हा नीट मला आजच कळला. बचावाचे पाचच जण गोलरेषेमागे, गोली धरून. बाकीचे मध्यरेषेपलीकडे. रेषेवरून, पोस्टपासून दहा मीटरवरून चेंडू आत ढकलायचा, तो वर्तुळाच्या बाहेर अडवायचा, आणि मग ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू काठीने ओढत नेऊन गोलकडे फेकायचा. सरळ हिट मारला तर तो गोलीमागच्या फळीपेक्षा वर जाता कामा नये. ती फळी अठरा इंचांची. पण फ्लिक हवा तेवढा वर जाऊ शकतो, म्हणून तो इतका जीवघेणा. चेंडू निघताच बचावातला पहिला रनर थेट फ्लिकरच्या अंगावर धावतो, तोंडाला मुखवटा, गुडघ्याला पॅड. एक जण पोस्टवर उभा.

"आणि हे सगळं कोण ठरवतं?" मी विचारलं.

"गोली. कोण कुठे पळणार, कोणती पोस्ट कोणाची, सगळं गोली आधी सांगतो." जरा थांबून ती म्हणाली, "त्या दिवशी मी काहीच सांगितलं नव्हतं, आई. मला वाटलं, मी अडवीन. मी बोललेच नाही."

दीड महिना तिला सगळे म्हणत होतो की तुझी चूक नव्हती. तिला ते पटत नव्हतं, कारण चूक कोणती ते तिला माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सामने नाहीत. सकाळी राजकालीअम्मन देवळात गेलो. संपूर्ण देऊळ काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं, भिंती, खांब, छत. इथल्या तमिळ समाजाची दिवाळी सोमवारी आहे, त्यामुळे गर्दी होती. आजूबाजूच्या गल्ल्यांत पणत्या, मुरुक्कू, रांगोळीचे साचे. मुरुक्कू म्हणजे आपली चकलीच, फक्त भाजणीशिवाय. अण्णांनी घरच्यासाठी दोन पाकिटं घेतली. एक रिंगिट म्हणजे आपले वीस-एकवीस रुपये, हा हिशेब ते प्रत्येक दुकानात मोठ्याने करत होते.

दुपारी आभाळ भरून आलं आणि तासभर बदाबदा पाऊस. तो थांबल्यावर समुद्राकाठी गेलो. समोर सिंगापूर. मध्ये शंभर वर्षं जुना कॉजवे, जेमतेम एक किलोमीटरचा, आणि त्यावर मोटारसायकलींची रांग. रोज इकडून तिकडे कामाला जाणारी माणसं. मला ठाण्याचा कोपरी पूल आठवला.

रात्री अण्णांनी स्वतःहून विषय काढला. ते रेवाला म्हणाले, "मी राइट इन होतो. गोल बसला की मागे वळून गोलीकडे बघायचो. रागाने. आमचा गोली दत्तू, हाताला दोन बोटं कमी, मशीनमध्ये गेलेली. त्याला आम्ही कधी विचारलं नाही की तुला काय हवंय. तो ओरडला तर आम्ही म्हणायचो, हा फार बोलतो."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

घरून व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी सोसायटीच्या गेटाबाहेर येणाऱ्या गाई-वासराची पूजा केली, ती दाखवली.

इकडे मलेशियाविरुद्ध सामना, अंतिम फेरीसाठी निर्णायक. आजवर आम्ही आवाजाला सरावलो होतो, पण यजमान खेळतात तेव्हा स्टेडियम वेगळंच असतं. ढोल, शिट्ट्या, आणि दोनच शब्दांची एक घोषणा, "मलेशिया बोलेह", मलेशियाला जमेल. अण्णांना पंच्याहत्तरची उपांत्य फेरी आठवली. तेव्हाही समोर मलेशियाच होता, त्यांच्याच मैदानावर. आपण हरत होतो, शेवटी बदली म्हणून आलेल्या अस्लम शेरखानने गळ्यातल्या ताविताचं चुंबन घेऊन शॉर्ट कॉर्नरवर बरोबरी साधली, आणि जादा वेळेत आपण ३-२ जिंकलो. ही गोष्ट त्यांनी शेजारच्या मलेशियन आजोबांना खुणा करून सांगितली. त्या आजोबांना सगळी आठवत होती. ते हसले, आणि हातानेच दाखवलं की तेव्हा ते रडले होते.

गुरजोत सिंगने बाविसाव्या मिनिटाला गोल केला. त्रेचाळिसाव्याला मलेशियाने तो फेडला, आणि अठ्ठेचाळिसाव्याला सौरभने पुन्हा आघाडी दिली. २-१. उरलेली बारा मिनिटं रेवा उभी होती. आमच्या बाजूच्या गोलकडे बघून तीही ओरडत होती, मराठीत. "डावीकडे! डावीकडे सुटलाय!" ऐकायला कोण होतं? पण दीड महिन्यात मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

दहा गुण. अंतिम सामन्यात.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

हॉटेलच्या खिडकीत एक पणती लावली, काल गल्लीतून घेतलेली. आणि निघालो.

समोर पुन्हा ऑस्ट्रेलिया. तेराव्या मिनिटाला इयान ग्रोबेलारचा गोल. चारच मिनिटांत शॉर्ट कॉर्नरवर अनमोल एक्काने बरोबरी साधली. ओडिशातल्या सुंदरगडचा पोरगा. सुंदरगडने भारतीय हॉकीला किती मुलं दिली आहेत! आदिवासी पाड्यांतून, मोकळ्या माळावर खेळून पुढे आलेली. संघाच्या यादीत मी पहिल्या दिवशी मराठी आडनाव शोधलं होतं, सापडलं नाही. ज्या खडकीच्या मातीतून धनराज पिल्ले घडला, त्या राज्यातल्या शाळा मैदानं बसगाड्यांना देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग बेचाळीस मिनिटं १-१. बुधवारचा संघ हाच का, असा प्रश्न पडावा इतके आपले पोरगे बरोबरीने खेळत होते. मागे कोणी मोकळा सुटत नव्हता. आता मला ते दिसत होतं, कारण कुठे बघायचं ते माहीत झालं होतं. बाकावर श्रीजेश. बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. रेवा म्हणाली, "त्याला आत यावंसं वाटत असेल ना?"

एकोणसाठाव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाला शॉर्ट कॉर्नर.

मी रेवाकडे पाहिलं नाही. आमच्या तिघांच्याही मनात एकच मिनिट होतं, ऑगस्टमधलं. गोली सांगत होता, एकेकाला, हात दाखवून. सगळं सांगून झालं. मुखवटे चढले. चेंडू निघाला, रनर सुटला, सगळे जिथे असायला हवे होते तिथे होते. आणि तरी गोल झाला. ग्रोबेलारच. १-२.

पण सामना संपला नव्हता. शेवटच्या मिनिटात आपल्याला कॉर्नरमागून कॉर्नर मिळत गेले. शॉर्ट कॉर्नर मिळाला की घड्याळ संपलं तरी तो पूर्ण होईपर्यंत खेळ संपत नाही, त्यामुळे स्टेडियममध्ये कोणीच बसलेलं नव्हतं. प्रत्येक वेळी ऑस्ट्रेलियाचा गोली नाहीतर त्याचा रनर मध्ये. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, त्यांच्या बोटांच्या खुणा रात्रीपर्यंत राहिल्या. गोल झाला नाही.

आपली मुलं टर्फवर बसली, काही आडवी पडली. एकोणीस-वीस वर्षांची. पुढच्या महिन्यात यांनाच चेन्नई-मदुराईला ज्युनिअर वर्ल्ड कप खेळायचाय. एकेक जण उठून गोलीपाशी गेला, हेल्मेटवर थोपटून पुढे.

"बघ," रेवा म्हणाली, "सगळं बोलला, तरी झाला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा ऑगस्टचा नव्हता.

अण्णा म्हणाले, "पंच्याहत्तरच्या त्या पाकिस्तानच्या गोलीचं नाव शोधून दे मला. मोबाइलवर असेल."

१९ ऑक्टोबर, रविवार

परतीची बस, पुन्हा तेच माड, क्वालालंपूरहून विमान. रात्री उशिरा मुंबई. ऐरोलीचा पूल उतरताना ठाण्यात आकाशकंदील दिसायला लागले, एकेका इमारतीवर पंधरा-वीस.

२० ऑक्टोबर, सोमवार. ठाणे

पहाटे पाचला सासूबाईंनी उठवलं. उटणं, तेल, कारेटं फोडलं, फराळ. चकल्यांच्या ताटात मुरुक्कू. राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला दिवाळी पहाटेसाठी तरुण मुलांचे लोंढे निघाले होते. रेवाच्या मैत्रिणी बोलवायला आल्या. ती म्हणाली, अर्ध्या तासाने येते.

गॅलरीतून वॉशिंग मशीन सरकवल्याचा आवाज आला.

खाली पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये गोल झाला. अण्णांनी त्यांची जुनी काठी आणली होती, मूठ सुटलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली. ते फ्लिकर. सोसायटीतला आठ वर्षांचा अथर्व चेंडू ढकलणार. पॅड चढवून, ओल्या केसांवर हेल्मेट घालून रेवा उभी राहिली. पॅडला दीड महिन्याचा कुबट वास आणि तिच्या अंगाला उटण्याचा.

"आई, तू पहिली रनर. आजोबांच्या काठीवर थेट धावायचं, उजवीकडून. डावी पोस्ट बाबांची. बाबा, खांबाला चिकटून उभे राहा. चेंडू निघाल्याशिवाय कोणी हलायचं नाही. आई, ऐकू येतंय का?"

"येतंय."

"मग पुढे वाक. जरा आणखी. अथर्व, ढकल."